बारीक आहे, म्हणजे ठीक आहे?

हायस्कुलातल्या मुलींशी हृदयविकाराबद्दल बोलू या, असे आम्ही सुचवतो तेव्हा बहुतेक शिक्षकांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न उमटतो : या पोरींना आत्तापासून कशाला? प्रश्न रास्त आहे. छातीत कळ येऊन ज्याला दवाखान्यात न्यावे लागते तो माणूस सहसा पन्नाशी-साठीचा असतो. बहुधा पुरुष असतो. आपल्या कल्पनेत तरी तो शहरात राहणारा, पोट सुटलेला आणि दिवसभर खुर्चीत बसणारा असतो. पिंपळगाव बसवंतच्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी चौदा वर्षांची, ३८ किलो वजनाची मुलगी यातल्या कुठल्याच वर्णनात बसत नाही. तिची काळजी करायचीच तर अंगात रक्त कमी असल्याची करावी, असे आपण धरून चालतो.

ती काळजी खरीच आहे आणि तिच्याकडे आपण पुढे येणार आहोत. पण याच बारीक मुलीच्या रक्तवाहिन्यांत पुढच्या आजाराची तयारी चालू असू शकते, याचा पुरावा गेल्या सत्तर वर्षांत साचत गेला आहे. त्यातला एक फार महत्त्वाचा भाग अमेरिकेतून किंवा इंग्लंडातून नव्हे, तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आलेला आहे. तो शिक्षकांपर्यंत पोचायला हवा तेवढा पोचलेला नाही, म्हणून हा लेख.

रोग नेमका केव्हा सुरू होतो?

हृदय मिनिटाला सुमारे ७२ ठोके देते आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. हे काम करणाऱ्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते त्याला आतल्या कप्प्यांतून मिळत नाही, तर बाहेरून वेढणाऱ्या धमन्यांमधून मिळते. याच त्या हृद्धमन्या. सुरुवातीला त्यांचा व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर असतो. उसाच्या रसाबरोबर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा काही फार जास्त नाही.

१९५३ साली अमेरिकेत एक लेख प्रसिद्ध झाला. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये उघडून डॉक्टरांनी तपासली होती. या सैनिकांचे सरासरी वय होते २२ वर्षे. सैन्यात घेण्याइतके ते धडधाकट होते, आणि हृदयाची तक्रार म्हणून कोणी मेलेले नव्हते. तरीही शंभरातल्या सत्याहत्तर जणांच्या हृद्धमन्यांमध्ये डोळ्यांना दिसेल असा बिघाड सापडला. कुठे पिवळसर रेघा, कुठे जाड पुळ्यांसारखे उंचवटे. पन्नाशीचा समजला जाणारा आजार विशीतच घर करून बसलेला होता.

मग तो विशीच्याही आधी कधी सुरू होतो? लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या लहानशा गावात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शाळकरी मुलामुलींची तपासणी सुरू झाली. उंची, वजन, रक्तदाब, रक्तातले कोलेस्टेरॉल अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. यातली काही मुले पुढे अपघातात किंवा अन्य कारणांनी दगावली. त्यांच्या धमन्या तपासून जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते : धमन्यांतल्या पिवळ्या रेघा बालपणातच दिसू लागतात, आणि ज्या मुलांत वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी यांपैकी जितक्या जास्त गोष्टी बिघडलेल्या होत्या तितका त्यांच्या धमन्यांचा जास्त भाग व्यापलेला होता. मुलींचाही यात समावेश होता, हे लक्षात घ्यावे.

ही पिवळी रेघ म्हणजे काय? धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकपदरी, अत्यंत गुळगुळीत अस्तर असते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण या अस्तराखाली शिरून अडकले की शरीर त्यांना परके समजते. पांढऱ्या पेशी तिथे धावतात, ते कण गिळतात आणि चरबीने फुगून तिथेच मरून पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. फेसाळ पेशींचा थर म्हणजे पिवळी रेघ. एवढ्यावर थांबले तर बिघडत नाही, ती विरूनही जाते. परंतु रक्तदाब वाढलेला असेल, तंबाखूमुळे अस्तर जखमी होत असेल, रक्तात साखर आणि चरबी जास्त फिरत असेल, तर त्या जागी तंतू आणि चुना साचत जाऊन घट्ट उंचवटा तयार होतो. पुढे कधीतरी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका.

विज्ञानाच्या शिक्षकांना इथे एक सोपे गणित वर्गात घेता येईल. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. बाकी सर्व तसेच राहिले आणि त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही, एक सोळांश होतो. अर्थात धमनी म्हणजे काचेची नळी नव्हे. उंचवटा वाढू लागला की सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूने रुंद होते, आणि पुढच्या लहान वाहिन्या सैलावून तूट भरून काढतात. म्हणून बसल्या जागी कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही. हा आजार लक्षणे नसलेला असतो असे नव्हे. शरीर त्याची लक्षणे बराच काळ झाकून ठेवते, इतकेच.

‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग आता सगळीकडे ऐकू येतो. तो रूढ केला अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासाने. जोखमीचा घटक म्हणजे रोगाचे कारणच, असे मात्र नाही. पावसाळ्यात घाटातून रात्री गाडी नेली म्हणजे अपघात होतोच असे नाही. पण हजार जणांनी नेली तर त्यांच्यातले अपघात कोरड्या रस्त्याने दिवसा जाणाऱ्या हजारांपेक्षा जास्त भरतील. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, बिघडलेली रक्तातली चरबी, सुटलेले पोट, बैठी सवय हे घटक असे आहेत. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००४ साली दाखवले की अशा नऊ घटकांत जगभरातल्या पहिल्या झटक्यांची नव्वद टक्के जोखीम सामावते, आणि ही गोष्ट पुरुषांइतकीच स्त्रियांनाही लागू आहे. त्याच अभ्यासातून आणखी एक बाब निघाली. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, तर बाकीच्या जगाला ५९व्या वर्षी. सहा वर्षे आधी.

स्त्रियांना पाळी चालू असेपर्यंत संप्रेरकांचे काहीसे संरक्षण असते आणि त्यांचा आजार पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षे मागे चालतो. ‘बायकांना हार्टचे काही नसते’ हा समज यातूनच आला असावा. पण मधुमेह झाला की ही सवलत बरीचशी संपते. आणि मधुमेहाची गोष्ट आपल्याला थेट पुण्याकडे घेऊन जाते.

पावणेतीन किलोची बाळे

इंग्लंडातल्या हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे वजन नोंदवून ठेवत असत. या जुन्या वह्या डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती लागल्या. त्यांनी त्या बाळांचे पुढे काय झाले ते शोधले आणि १९८९ साली दाखवले की जन्मताना आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी भरले होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. (शाळेची जुनी रजिस्टरे रद्दीत घालण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) हे अनेकांना पटले नाही. हृदयविकार हा खाऊन सुस्तावलेल्यांचा रोग, त्याचा अर्धपोटी गर्भाशी काय संबंध?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना उलट बाजूने हाच प्रश्न पडलेला होता. त्यांच्याकडे येणारे मधुमेही तरुण होते आणि पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिल्याइतके लठ्ठ नव्हते. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रिया शेतकरी कुटुंबांतल्या होत्या. सरासरी वय २१ वर्षे, उंची १५२ सेंटिमीटर, गरोदर होण्यापूर्वीचे वजन ४२ किलो. आपल्या पिंपळगावच्या मुलीमध्ये सहा-सात वर्षे मिळवा आणि पाहा.

त्यांची बाळे जन्मली ती सरासरी सुमारे २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउदम्पटनची बाळे ३.५ किलोची. आठशे ग्रॅमचा फरक. हा फरक बाळाच्या सर्व अंगांत सारखा वाटला गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण संशोधकांनी दंडाचा घेर, पोटाचा घेर आणि पाठीवरच्या चिमटीत येणाऱ्या कातडीची जाडीही मोजली होती. दंड, म्हणजे स्नायू, बारीक. पोट, म्हणजे यकृतासारखी इंद्रिये, लहान. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांच्या बरोबरीने राखलेली. वजनाला कमी आणि तरीही प्रमाणात चरबी जास्त, असे हे बाळ होते.

मोठेपणी हे कसे दिसते? याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघा मित्रांनी स्वतःचेच उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा शरीरभारांक, म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, अगदी सारखा होता : २२.३. पण यंत्राने मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत मात्र दुपटीहून जास्त फरक.

याचा हृदयाशी संबंध असा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचे मुख्य काम स्नायूंचे असते. स्नायूच कमी असतील तर साखर रक्तात रेंगाळते आणि तिला हुसकण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडावे लागते. जास्तीचे अन्न चरबी होऊन साठवले जाते. कातडीखालची कोठारे भरली की ते पोटात, यकृतात शिरते. चरबीने भरलेले यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड नावाचा मेद ओतते, आणि धमन्यांतला कचरा उचलून नेणारे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी होते. भारतीयांच्या रक्तात वारंवार दिसणारे चित्र हेच आहे. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा फारसा भीतीदायक नसतो, पण ट्रायग्लिसराइड चढलेले आणि चांगले कोलेस्टेरॉल उतरलेले.

२०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची एक व्यापक पाहणी झाली. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २४ टक्के वाजवीपेक्षा बारीक होते, ५ टक्के वजनदार होते. आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते १० टक्के! वजनदार मुले पाच आणि उंबरठ्यावरची दहा, म्हणजे यात सडपातळ मुलेही असणारच. ट्रायग्लिसराइड वाढलेली मुले १६ टक्के, चांगले कोलेस्टेरॉल कमी असलेली पाव हिश्शाहून जास्त, रक्तदाब वाढलेली ५ टक्के. रक्तक्षय मुलांत १८ टक्के आणि मुलींत ४० टक्के. बारीक आहे म्हणून मुलगी ठीक आहे, हे या आकड्यांनंतर म्हणता येत नाही.

पुण्याच्या अभ्यासाने आणखी एक धागा हाती दिला. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच ते मिळते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. शाळेत दर आठवड्याला मुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, ब-१२ नसते. म्हणून ती गोळी बंद करावी असा अर्थ कोणी काढू नये. रक्तक्षयावर ती हवीच. तिच्या जोडीला घरातले पेलाभर दूध किंवा वाटीभर दही मुलीच्या वाट्याला यायला हवे, एवढेच यातून निघते. १९९४ ते १९९६च्या दरम्यान जन्मलेली त्या सहा खेड्यांतली तीच मुलेमुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना रोज ब-१२ची अगदी छोटी मात्रा देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हेही पाहिले गेले. मुलींनी ती पहिल्या बाळंतपणापर्यंत घ्यायची होती.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. किशोरींच्या आरोग्याबद्दल लिहिताना ‘उद्याची माता’ हे शब्द फार सहज येतात. ती आई होईल किंवा न होईल, पन्नाशीत तिचे स्वतःचे हृदय तिला लागणारच आहे. तेवढे कारण पुरेसे आहे.

पिंपळगावची एक मुलगी

आता तिचा दिवस पाहू. ही मुलगी काल्पनिक आहे, पण निफाड तालुक्यातल्या कुठल्याही शिक्षकाला ती ओळखता येईल.

तिची आजी याच वयात आडाचे पाणी शेंदत होती, जात्यावर दळत होती, शेतावर चालत जात होती. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुण्याच्याच अभ्यासात असे दिसले की गरोदरपणी पाणी वाहणे आणि शेतीकाम अतोनात करणाऱ्यांची बाळे लहान जन्मतात. नळ आला, गिरणी आली, ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला, हे सर्व चांगलेच झाले. पास नसता तर ती शाळेतच आली नसती. फक्त झाले असे, की कामातून होणारी हालचाल गेली आणि खेळातून होणारी तिच्या वाट्याला आली नाही. पाचवीत ती लंगडी आणि खोखो खेळत होती. सातवी-आठवीत पाळी सुरू झाली, आणि तिथून ती मैदानाच्या कडेला बसू लागली. मैदान मुलांच्या क्रिकेटचे झाले. नववी-दहावीत पीटीचा तास गणिताला गेला. शाळा सुटल्यावर क्लास, क्लासनंतर शेवटची एसटी, घरी भांडी, मग अभ्यास आणि मोबाइल. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते, ती कशीबशी सहा तास होते. हंगामात कांद्याच्या चाळीत किंवा द्राक्षांच्या पॅकिंगला हात लावावा लागतो, पण ते बसून करायचे काम आहे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगभरातल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलींपैकी ८५ टक्के मुली तेवढी करत नाहीत. मुलांतही हे प्रमाण ७८ टक्के आहे. तेव्हा दोष फक्त आपल्याच गावांचा आहे असे नाही. पण हालचालीचा फायदा आपल्या बारीक अंगाच्या मुलीला दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त आहे, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. तिच्याकडे स्नायू मुळात कमी आहेत. ते वाढवण्याचे वय हेच आहे. झिम्मा आणि फुगडी यांनी किती दम लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यासाठी महागड्या साधनांची गरज पटणार नाही. दोरीच्या उड्यांना तर दोरीच पुरते.

खाण्याकडे वळू. आठवीपर्यंत शाळेत दुपारचे शिजवलेले जेवण मिळते, नववीपासून ते बंद होते. मुलीची वाढ तेव्हाही चालूच असते. घाईत सकाळचा डबा राहिला की मधल्या सुटीत वडापाव किंवा पाच-दहा रुपयांची पुडी. पूर्वी तळणात आणि बेकरीत वनस्पती तूप सर्रास असे, आणि तेल घट्ट करताना तयार होणारी विपरीत मेदाम्ले धमन्यांना सर्वांत वाईट. २०२२ पासून भारतात अन्नातल्या मेदात ती २ टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचे बंधन आहे. गाडीवर तेच ते तेल दिवसभर तापते, त्यावर मात्र कोणाचे लक्ष नसते. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमच्यांहून जास्त. चहात कोणी सहा चमचे घातले तर आपण पिणार नाही. गार असले की जीभ फसते.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. आपण सरासरी जवळजवळ दुप्पट खातो. यात रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक धडा आहे : रक्तदाबाला त्रास देते ते मिठातले सोडियम, आणि ते फक्त मिठातून येत नाही. पापडखार आणि खायचा सोडा ही सोडियमचीच संयुगे आहेत. पापड, फरसाण, ढोकळा, पाव यांच्यातले सोडियम चवीला खारट न लागताही पोटात जाते.

आणि हे सर्व कुठे? द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याने भरलेल्या गावात! भाव पडला की टोमॅटो रस्त्याकडेला ओतला जातो. सकाळचे दूध डेअरीला जाते, उरलेले चहाला. बाजरीच्या भाकरीची जागा पोळीने घेतली आणि पालेभाजी निवडायला वेळ नाही. पुण्याच्या अभ्यासात ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती त्यांची बाळे थोराड निघाली होती, आणि हे पदार्थ निर्यातीचे नव्हते. घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या आणि मुलीच्या ताटात काय उरते, हा प्रश्न आहारशास्त्राचा कमी आणि घरातल्या रिवाजाचा जास्त आहे.

तंबाखूचा उल्लेख मुलींच्या बाबतीत अनेकांना अनाठायी वाटेल. सिगारेट नाही, पण मिश्री आहे. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड ग्रामीण महाराष्ट्रात बायका दातांना लावतात, आणि मुली ती घरातूनच उचलतात. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. मिश्री तर घरच्या तव्यावर होते. हिरड्यांतून शोषले जाणारे निकोटिन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. चुलीच्या धुरातले बारीक कणही फुप्फुसावाटे रक्तवाहिन्यांना इजा करतात. ज्या घरी सिलिंडर आहे पण पाणी तापवायला चूल पेटते, तिथे धुरापाशी बहुधा ही मुलगीच असते.

शाळेत काय मोजता येईल?

सर्वांत आधी काय करू नये ते सांगतो. वर्गासमोर मुलींचे वजन करून आकडा मोठ्याने वाचू नये. एका वाक्याने मुलगी जेवण सोडते, आणि रक्तक्षय असलेल्या मुलीने जेवण सोडणे यासारखा उलटा परिणाम नाही. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी चढते ती निसर्गाची योजना आहे, हेही त्यांना सांगितले पाहिजे. शरीरभारांकाचा प्रौढांचा तक्ता किशोरींना लावू नये. १५० सेंटिमीटर उंच, ३८ किलोच्या मुलीचा भारांक १६.९ येतो. प्रौढ स्त्रीला हा कमी, पण तेरा-चौदाव्या वर्षी तो वयाच्या आलेखावरच पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी असे आलेख केले आहेत आणि त्यांत जास्त वजनाची रेषा मुद्दाम खाली, प्रौढांच्या २३ या आकड्याशी जुळणारी धरली आहे. ते आलेख शाळेत जरूर लावावेत.

त्यापेक्षा सोपे साधन म्हणजे सुतळी. मुलीने आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, ती दुमडून निम्मी करायची आणि ती कमरेभोवती पुरते का हे एकटीने किंवा मैत्रिणीबरोबर पाहायचे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. आकडा कोणाला सांगायची गरज नाही. सुतळी पुरली म्हणजे सर्व आलबेल असे मात्र समजू नये. पोटातली वाढलेली चरबी ती दाखवते, कमी असलेला स्नायू दाखवत नाही.

स्नायूंचे आणि हृदयाचे बळ कळते ते नाडीवरून. हा प्रयोग आठवी ते बारावीच्या कोणत्याही वर्गात करता येईल. पाच मिनिटे शांत बसून मनगटाची नाडी ३० सेकंद मोजावी आणि दुप्पट करावी. या वयात ती साधारण ६० ते १०० असते. मग व्हरांड्याच्या एकाच पायरीवर, टाळीच्या ठेक्यावर, तीन मिनिटे चढउतार करावी. थांबताक्षणी, एका मिनिटाने आणि दोन मिनिटांनी पुन्हा नाडी मोजावी. ताप असलेल्या, दम्याच्या किंवा हृदयाचा आजार ठाऊक असलेल्या मुलींनी फक्त नोंदी घ्याव्यात. आलेख काढला की दिसते : सराव असलेल्या मुलीची नाडी कमी चढते आणि चटकन उतरते. याच मुलींनी आठ आठवडे रोज दोरीच्या उड्या, धावणे किंवा फुगडी अशा कशानेही दम लागेल एवढी हालचाल केली आणि प्रयोग पुन्हा केला, तर दोन आलेखांतला फरक त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या आलेखात एखादीची नाडी बसल्या जागीच शंभराच्या आसपास असेल, चढउतारानंतर ती फार वर जाईल आणि उतरायला वेळ लावील. अशा मुलीला आळशी म्हणण्यापूर्वी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीचा आतला रंग आणि नखे पाहावीत. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या बरेच खाली असेल तर तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, आणि मैदानाच्या कडेला बसण्याचे तिचे कारण आळस नसून हेच असू शकते. तिला सरकारी दवाखान्यात पाठवून रक्त आणि रक्तदाब दोन्ही तपासून घ्यावेत. तेरा वर्षांपुढे वरचा आकडा १२० आणि खालचा ८० याच्या आत हवा. एकदा जास्त आला तर घाबरू नये, वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजावा. दंड बारीक असेल तर पट्टाही लहान लागतो. मोठा पट्टा गुंडाळला तर दाब खोटाच कमी दिसतो, हे तपासणी पथकाबरोबर असलेल्या शिक्षकाने ध्यानात ठेवून लहान पट्टा मागून घ्यावा.